पोटाला चिकटलेला नर

३ फेब्रुवारी

वस्तुस्थिती आधी नोंदवते, आणि ती ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने. मते नंतर.

पहिली बाब. गेल्या गुरुवारी खोल समुद्रात जाळे टाकणाऱ्या एका जहाजावरून आमच्या संग्रहालयात एक मासा आला. आला म्हणजे बर्फाच्या पेटीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, खेळाच्या पानाची शाई पाठीवर उमटलेल्या अवस्थेत आला. मादी. काळी, खवले नसलेली, ओंजळीत मावेल एवढी. कपाळातून गळाच्या काठीसारखा दांडा पुढे आलेला आणि त्याच्या टोकाला अंधारात उजळणारी गाठ. भक्ष्य त्या उजेडाकडे ओढले जाते आणि थेट तिच्या जबड्यात पोहोचते. मत्स्य विभागाची प्रमुख या नात्याने मी ती ताब्यात घेतली.

दुसरी बाब. तिच्या पोटाखाली बोटाच्या पेराएवढे दोन मांसल गोळे लोंबत होते. ते गोळे नव्हेत. ते तिचे नर आहेत.

तिसरी बाब. दुसऱ्याच दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बोलावून घेतले. दादाचे टायरचे दुकान आहे. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून वर्षभर यंत्रावर त्याचे रक्त धुतले जात आहे. आता त्याचे हृदय थकले आहे. मूत्रपिंड बसवले नाही तर पावसाळा तो पाहणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

चौथी बाब. वहिनींचा रक्तगट जुळत नाही. त्यांना मूलबाळ नाही. आईवडील केव्हाच गेले.

पाचवी बाब. माझा जुळतो.

सहावी आणि शेवटची बाब. मी म्हणाले, "घ्या." डॉक्टर म्हणाले, विचार करायला वेळ घ्या. मी विचारले, कशाचा? डॉक्टरांच्या टेबलावर बिस्किटाचा चुरा पडला होता, आणि दादाच्या तपासण्यांची फाइल त्या चुऱ्यावर ठेवलेली होती.

५ फेब्रुवारी

मासा बर्फातून काढून धुतला. वास अमोनियाचा, त्याखाली काहीतरी गोडसर, नासलेल्या दुधासारखे. अंग पिलपिलीत, बोट टेकवले की खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही. दात आत वळलेले, म्हणजे आत गेलेले बाहेर येऊच नये अशी व्यवस्था. पोट असे सैल की स्वतःपेक्षा मोठा घास गिळावा. अशा प्राण्याविषयी लोकांना 'निसर्गाचा चमत्कार' वगैरे का सुचते, हे मला कधीच कळलेले नाही. निसर्गाला कात्री लावणारा संपादक भेटलेला नाही, एवढेच यावरून सिद्ध होते.

नरांची हकीकत त्याहून वाईट. हा प्राणी जन्मतो तेव्हा स्वतंत्र असतो. त्याला डोळे असतात, मोठ्या नाकपुड्या असतात. मिट्ट काळोखात तो मादीचा माग वासावरून काढतो, तिच्या पोटाला चावा घेतो, आणि ती पकड पुन्हा सोडत नाही. ओठ तिच्या कातडीत विरघळतात. तिच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. पुढे डोळे जातात, नाक जाते, आतडे निकामी होते. तिचे रक्त पिऊन जगणारी एक वीर्याची पिशवी तेवढी शिल्लक राहते. आणि त्याच मादीच्या अंगावर असे आणखी एक-दोघे.

आमचा बरणीवाला, म्हणजे नमुने बरण्यांत भरणारा जुना सहायक, शेजारी उभा राहून पाहत होता. म्हणाला, "बाई, हे तर खरे घरजावई."

मी त्याला हातमोजे बदलायला सांगितले.

८ फेब्रुवारी

संचालक मासा पाहायला आले. नव्या दालनात मधोमध तिला ठेवायचे असे त्यांनी ठरवले आहे, आणि फलकाचे शीर्षकही सोबत आणले होते: 'अखंड मीलन'. मी विचारले, यातले मीलन नेमके कोणते? ते म्हणाले, लोकांना प्रेमाचे काहीतरी हवे असते, तुम्ही जरा मवाळ लिहा. मी मवाळ लिहीत नाही. माझा मसुदा असा: 'हा नर आहे. याला डोळे उरलेले नाहीत.' संचालकांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

त्यांची आणखी एक मागणी आहे. दोनपैकी एक नर कापून छोट्या बाटलीत वेगळा मांडावा, म्हणजे शाळांच्या मुलांना नीट दिसेल. ही मागणी मात्र रास्त आहे. करीन.

११ फेब्रुवारी

दादाला भेटायला यंत्राच्या विभागात गेले. भेटायला म्हणजे, त्याला दिलेल्या आहाराच्या तक्त्यात मला एक चूक आढळली होती, ती परिचारिकेच्या लक्षात आणून देण्यासाठी गेले. केळे वर्ज्य असताना नाश्त्यात केळे छापले होते.

ते दालन मला सहन होत नाही. ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक पिवळट माणूस, प्रत्येकाच्या दंडातून दोन नळ्या निघून यंत्रात गेलेल्या. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. ते नळीत फिरताना दिसते. रक्त दिसू नये म्हणून तर निसर्गाने कातडी दिली आहे. दादाचे पाय घोट्यापाशी सुजले आहेत. मी बोट दाबून पाहिले, खळगा पडला आणि तसाच राहिला. श्वासाला मूत्राचा वास येतो. ओठांच्या कडांना पांढरे काहीतरी सुकलेले असते, आणि त्याला ते कळत नाही.

मला पाहून म्हणाला, "आली का चिमटा? काय, आज कोणाची चूक काढलीस?"

लहानपणी मी ताटातल्या भातातले खडे चिमट्याने वेचत असे, तेव्हापासून हे नाव आहे. त्याच्याखेरीज ते कोणी घेत नाही, कोणाची बिशाद नाही.

त्याच्या नखांत दुकानातले काळे वंगण अजून आहे. दुकान बंद होऊन महिने लोटले, तरी आहे. मी पर्समधली नखकात्री काढली आणि मोकळ्या हाताची नखे कापून, कोरून, स्वच्छ केली. त्या अवस्थेत ती ठेवणे योग्य नव्हते, आणि परिचारिकांना अशा गोष्टींची शिस्त नसते. नळी लावलेल्या हाताची राहिली. ती पुढच्या वेळी.

१५ फेब्रुवारी

दात्याच्या तपासण्या सुरू झाल्या. दिवसभराचे स्वतःचे मूत्र एका मोठ्या बाटलीत साठवून प्रयोगशाळेत द्यायचे असते. प्रयोगशाळेने दिलेली बाटली पाण्याची जुनी वाटत होती, म्हणून मी संग्रहालयातून नवी, काचेच्या बुचाची आणली. तिच्यावर नाव, तारीख आणि वेळ असलेली चिठ्ठी डकवली. हे बाटलीतले, कोमट, पिवळे काही माझ्यातून आले आहे हे मान्य करायला मला सबंध दिवस लागला. प्रयोगशाळेतला माणूस ती बघून हसला. म्हणाला, इतकं नीट आजपर्यंत कोणी आणलं नाही हो. मी त्याला सांगितले, की यात हसण्यासारखे काही नाही, अपमान वाटण्यासारखे आहे. पण तो बाकीच्यांचा.

१६ फेब्रुवारी

निकाल उत्तम. माझी दोन्ही मूत्रपिंडे निर्दोष आहेत. यात आश्चर्य नाही.

१९ फेब्रुवारी

आज माशाच्या अंतरंगाविषयी जे प्रसिद्ध झाले आहे ते सर्व वाचून संपवले. एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहून ठेवते.

आपल्या शरीराला परके ओळखता येते. कोणाचे मांस आपल्यात शिवले तर रक्तातल्या पेशी ते हुडकून काढतात, त्याच्यावर तुटून पडतात, ते जाळून टाकतात. म्हणून मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला जन्मभर औषधे घ्यावी लागतात. त्याच्या शरीराचा हा विरोध दाबून ठेवावा लागतो. डॉक्टरांनी दादाला हे समजावले तेव्हा मी तेथे होते. दादा म्हणाला, म्हणजे माझं अंग माझ्या बहिणीला हाकलून द्यायला बघणार, आणि मी गोळ्या खाऊन त्याला गप्प बसवणार. डॉक्टर हो म्हणाले.

मग या माशाचे कसे? नर चिकटतो, आणि तिचे रक्त त्याला काही करत नाही. कारण असे दिसते की ज्या जातींत नर कायमचा जोडला जातो, त्या जातींनी परके ओळखण्याची ही यंत्रणाच मोडीत काढली आहे. पहारेकरी नोकरीवरून काढून टाकले, दारे काढून टाकली. मग रोगजंतूंशी ती लढते कशी, हे अजून कोणाला नीट कळलेले नाही.

ती सहन करत नाही, तिला ते परके आहे हेच कळत नाही. याहून ओंगळ मी काही वाचलेले नाही. मी हात धुतले. केवळ वाचून हात धुण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग.

२२ फेब्रुवारी

संचालकांच्या मागणीप्रमाणे आज नर वेगळा करायचा होता. टेबल पुसले, भिंग लावले, पाते नवे घेतले. बरणीवाला छोटी बाटली धरून उभा.

कापता आला नाही.

कारण तांत्रिक आहे. सांधा कोठे आहे हे भिंगातून निश्चित होईना. तिची कातडी कोठे संपते आणि त्याची कोठे सुरू होते, तेथे रेषा नाही; नुसता उतार आहे. थोडे अलीकडे कापले तर तिचा भाग बाटलीत जाणार, पलीकडे कापले तर त्याचा भाग तिच्याकडे राहणार. अंदाजाने पाते चालवणे माझ्या प्रशिक्षणात बसत नाही. मी पाते खाली ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. गोळा थंड, निसरडा, आणि बोटांत किंचित चेपला जात होता.

बरणीवाल्याने विचारले, "बाई, मी कापू?"

मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितले. आवाज कदाचित अधिक चढला असेल.

संचालकांना कळवले की विभक्त करणे शास्त्रीयदृष्ट्या शक्य नाही. दोघे आहेत तसेच राहतील.

२४ फेब्रुवारी

वहिनींनी दूरध्वनी केला. परवा अवयवदानाच्या मंजुरी समितीपुढे माझी मुलाखत आहे. तेथे काय बोलावे हे त्यांनी मला सांगावे, असा त्यांचा बेत होता. "ताई, फार खोलात जाऊ नका," म्हणाल्या. "ते विचारतात त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं. सगळे तसंच करतात." मी म्हणाले, मला तोंडी परीक्षांचा अनुभव आहे. त्या मला घाबरतात. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या घरी कधी स्वयंपाकघरात पाय टाकलेला नाही, आणि याचे मला बरेच वाटते.

२६ फेब्रुवारी

मुलाखत झाली. समितीत तिघे: मूत्रपिंडाचे डॉक्टर, पण दादाचे नव्हेत, एक वकील, आणि एक समाजसेविका, जिच्या चष्म्याच्या काचेवर बोटांचे ठसे होते. ती खोली औषधांच्या साठ्याची असावी. कोपऱ्यात खोक्यांचा ढीग होता आणि एक खोके फुटून कापसाचे बोळे बाहेर आले होते.

प्रथम वकिलांनी विचारले की तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का. मी म्हणाले, माझ्यावर दबाव आणू शकेल अशी व्यक्ती मला अद्याप भेटलेली नाही. पैसे किंवा मालमत्तेचे आमिष? दादाकडे टायर आहेत, मी म्हणाले, आणि मला मोटार नाही. वकील हसले. येथवर सर्व सुरळीत होते.

मग समाजसेविका पुढे झुकली. "मनात काही भीती आहे? संकोच? काहीही असलं तरी मोकळेपणाने सांगा हं."

प्रश्न स्पष्ट होता. उत्तरही स्पष्ट द्यायला हवे होते.

"भीती नाही," मी म्हणाले. "किळस आहे."

"किळस? शस्त्रक्रियेची?"

"शस्त्रक्रियेची नाही. ती स्वच्छ असते. माझ्या शरीरातला एक भाग दुसऱ्याच्या पोटात उबदार राहील, त्याचे रक्त त्यातून फिरेल, तो जे जे खाईल-पिईल ते माझ्या त्या भागातून गाळले जाईल, याची."

"पण दुसरा म्हणजे तुमचा भाऊच ना?"

"त्याचीही येते."

डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. समाजसेविकेने अगदी हळू आवाजात विचारले, "भावाची किळस येते?"

मी तपशील दिले. विचारले तर तपशील द्यावेत. श्वासाचा वास, नखे, सूप पिताना मारलेले फुरके, हातरुमाल पुन्हा घडी करून खिशात ठेवण्याची सवय. मग त्यांना विषय नीट समजावा म्हणून मी माशाचे उदाहरण दिले; नर, ओठ, कातडी, रक्तवाहिन्या, दुसरा नर. ते मन लावून ऐकत होते.

वकिलांनी विचारले, "मग बाई, देताय कशाला?"

"जुळते म्हणून."

"आणि प्रेम?" समाजसेविका म्हणाली.

मी विचारले की हा प्रश्न समितीच्या अधिकारकक्षेत येतो का. वकिलांनी समोरची फाइल मिटली.

मुलाखत उत्तम झाली असे माझे मत आहे. एकही विधान मला मागे घ्यावे लागले नाही.

२७ फेब्रुवारी

नाकारले.

२८ फेब्रुवारी

काल अधिक लिहवले नाही. दादाच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून कळवले. समितीच्या मते दात्याची मानसिक तयारी नाही. दात्याला कुटुंबाकडून कर्तव्याच्या नावाखाली पुढे ढकलले जात असावे. सहा महिन्यांनी पुन्हा विचार करता येईल. मी म्हणाले, सहा महिन्यांनी विचार करण्यासाठी रुग्ण कोठून आणणार? ते म्हणाले, मी समजू शकतो. मी म्हणाले, समजू नका, करा. ते म्हणाले की समितीपुढे त्यांचे काही चालत नाही.

आयुष्यात कोणत्याही परीक्षेत मी नापास झालेले नाही. ज्यांना एका प्रश्नाचे खरे उत्तर ऐकून घेता येत नाही अशा तीन माणसांनी मला नापास केले. कुटुंबाने मला पुढे ढकलले म्हणे. मला. वहिनींना तर मला पाण्याचा पेला पुढे करतानाही दोनदा विचार करावा लागतो.

संग्रहालयात गेले. बरणीतली मादी स्पिरिटात आणखी काळी पडली आहे. तिच्या जबड्याची ठेवण अशी आहे की ती कायम हसते आहेसे वाटावे. मी बरणी फिरवून तिचे तोंड भिंतीकडे केले.

२ मार्च

वहिनी आल्या. पूर्वसूचना न देता. दारात उभ्या राहून म्हणाल्या की आत येऊ का. मी म्हणाले, या. त्यांनी पादत्राणे काढली आणि ती सरळ रेषेत ठेवली. हे नोंदवण्याजोगे वाटले.

मला वाटले रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, समितीने नाही म्हटल्याचे, आणि मी तेथे माशासकट जे बोलले ते, डॉक्टरांकडून कळले तेव्हा दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. मी विचारले, कशाची सुटका?

त्यांनी पदराशी चाळा केला आणि मग त्याचेच शब्द सांगितले: "म्हणाले, जिनं लहानपणापासून माझं उष्टं कधी तोंडाला लावलं नाही, तिच्या पोटातलं मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

मी चहा केला. वहिनींनी कप धुऊन ठेवला. नीट धुतला नव्हता, कडेला डाग राहिला होता. त्या गेल्यावर मी तो पुन्हा धुणार होते, पण राहून गेले. अजून तसाच ओट्यावर आहे.

४ मार्च

दादाच्या घरी गेले. तो खुर्चीत, पाय स्टुलावर, अंगावर घोंगडी. समोर वाटीत थोडे पाणी. दिवसभर तेवढेच प्यायचे. चमच्याने घोट घोट घेत होता, आणि प्रत्येक घोटाला आवाज करत होता.

मी त्याला म्हणाले की तू आपले अवयव कोणाकडून घ्यायचे आणि कोणाकडून नाही हे ठरवण्याइतका श्रीमंत नाहीस.

"बस की आधी," तो म्हणाला. "उभ्या उभ्या भांडायला आलीस का?"

बसले. उशीवर केस पडले होते, ते उचलून कचऱ्यात टाकले आणि मग बसले.

"हे बघ चिमट्या," तो म्हणाला, "तुला माझी किळस येते, हे काय मला आज कळलं? मला त्याचं काही नाही. टायरवाल्याचा हात हातात घ्यायला कोणालाच नको असतो. पण तुझ्या पोटातून काढून माझ्यासारख्या गलिच्छ माणसात घालायचं, आणि मग तू जन्मभर घासत बसायचं अंग. नको. ते लोक बरोबरच बोलले."

"ते लोक चुकले," मी म्हणाले. "त्यांना प्रश्न विचारता येतो, उत्तर वाचता येत नाही."

तो हसला. हसताना त्याला खोकला आला, आणि खोकल्यातून जे आले ते त्याने रुमालात घेतले, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. मी पाहत राहिले. नजर वळवली नाही.

"बरं, खरं सांग," तो म्हणाला. "त्यांना नाही सांगितलंस, मला सांग. का देतेस?"

मी विचार केला. जुळते, हे कारण त्याला ठाऊकच होते. आणखी काही कारणे क्रमाने मांडता येतील असे वाटले, पण एकही वाक्य नीट बांधले जाईना.

"तू मेलास तर मला चालणार नाही," मी म्हणाले.

'मला चालणार नाही' हे शब्द मी कार्यालयात ओल्या हातांनी बरण्या उचलणाऱ्यांसाठी वापरते. ते कसे तोंडून गेले कळले नाही. दादाने चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाला, "मग लिही त्यांना. तुझ्यासारखं पत्र तुझ्याशिवाय कोण लिहिणार? पण त्यांना मासा-बिसा सांगू नकोस पुन्हा."

मी त्याला कोणतेही आश्वासन दिले नाही. नळीच्या हाताची नखे राहिली होती, ती कापली.

६ मार्च

समितीला आज पाठवलेल्या पत्राची प्रत येथे उतरवून ठेवते. मसुदे पाच झाले. अंतिम मजकूर असा:

माननीय अध्यक्ष,
अवयवदान मंजुरी समिती यांस,

आपल्या समितीने माझ्या थोरल्या भावाला मूत्रपिंड देण्याचा माझा प्रस्ताव 'दात्याची मानसिक तयारी नाही' या कारणास्तव फेटाळला आहे. हे कारण मला दूरध्वनीवरून, तेही तिसऱ्या व्यक्तीकडून कळले. या निर्णयास माझा आक्षेप आहे.

आपण मला विचारलेत की मनात संकोच आहे का. मी खरे उत्तर दिले. किळस आहे, असे मी म्हणाले. देणार नाही, असे मी कोठेही म्हणाले नाही. आपण पहिल्या वाक्याचा अर्थ दुसऱ्या वाक्यासारखा लावलात. माझ्या तीस वर्षांच्या कामात मी ज्या वस्तू हाताळल्या त्यांपैकी बहुतेकांची मला किळस आली. एकही मी परत पाठवलेली नाही.

मी आपणास एका माशाविषयी सांगितले. ते उदाहरण मी अपुरे समजावले, ते पुरे करते. त्या मादीला किळस येत नाही, कारण तिला चिकटलेला जीव परका आहे हे तिला कळतच नाही. आपणास बहुधा असा दाता हवा आहे. मी तशी नाही. माझा भाऊ माझ्याहून वेगळा माणूस आहे हे मला पूर्ण कळते. तो फुरके मारतो, घाण रुमालाची घडी घालतो, आणि माझ्या मूत्रपिंडासकट तो हेच करत राहील. हे सर्व कळूनच मी होकार दिला आहे. कळण्याला आपण तयारीचा अभाव म्हणत असाल, तर तयारी म्हणजे काय हे आपण स्पष्ट करावे.

आणखी एक मुद्दा. शस्त्रक्रियेनंतर माझ्या भावाचे शरीरही माझे मूत्रपिंड परके म्हणून ओळखेल आणि त्यावर तुटून पडेल. हे आपणास ठाऊक आहे. त्यासाठी त्याला आयुष्यभर औषधे घ्यावी लागतील, आणि ती देण्याची आपली तयारी आहे. त्याच्या शरीराचा विरोध आपण त्याचा नकार मानत नाही. 'हा माणूस अजून तयार नाही, सहा महिन्यांनी पाहू' असे आपण त्याला म्हणाला नाहीत. त्याच्या रक्ताला जी मुभा आहे, ती माझ्या मनाला नाकारण्याचा अधिकार आपणास कोणत्या नियमाने मिळाला?

माझ्यावर कुटुंबाचा दबाव आहे, असा निष्कर्षही आपण काढल्याचे कळते. उलट माझ्या भावाने माझे मूत्रपिंड घेण्यास नकार दिला होता. त्याच्यावर दबाव मी आणला. आवश्यक वाटल्यास ही नोंद माझ्याविरुद्ध घ्यावी.

आपल्या समाजसेविकेने विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते. तो प्रश्न आपल्या कक्षेत येतो की नाही, हे आपण अद्याप कळवलेले नाही. येत असल्यास पुनर्मुलाखतीत मी उत्तर देईन. हो किंवा नाही एवढेच देईन.

सहा महिने माझ्या भावाकडे नाहीत. तेव्हा दोन गोष्टी कळवाव्यात: दात्याला किळस वाटता कामा नये असे सांगणारा नियम, त्याच्या क्रमांकासह, आणि तसा नियम नसल्यास शस्त्रक्रियेची तारीख. दूरध्वनी करू नये. निरोप वहिनींकडे देऊ नये. सहानुभूती पाठवू नये. उत्तर लेखी द्यावे, आणि या आठवड्यात द्यावे.